कन्नडमार्गे सॅन फ्रान्सिस्को

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले त्या दोहोंमधील कमीत कमी अंतर, ही या विषयाची शास्त्रीय व्याख्या होय. व्याख्या निर्दोष आहे. तिच्यात उणे एवढेच की तिची चौकशी कोणी करीत नाही. खुलताबादेत परदेशी निघालेल्या माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न "किती लांब हाय?" असा नसून "किती तास लागतेत?" असा असतो, आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायला खुद्द प्रवासी सोडून सगळेच पात्र असतात. ज्याचा मुलगा तिकडे नोकरीस आहे तो "सोळा-साडेसोळा" म्हणतो, ज्याच्या हाती तिकीट आहे तो "साडेतेवीस" म्हणतो, जो एकदा जाऊन आलेला आहे तो काही न बोलता कमरेवर हात ठेवतो, आणि जो शिर्डीच्या पुढे कधी गेलेला नाही तो ठामपणे सांगतो की आता काही राहिलेलं नाही, डोळा लागला की उघडेपर्यंत अमेरिका.

या मतभेदाची छाननी करण्यासाठी एक नमुना कुटुंब कल्पिणे सोयीचे ठरेल. खुलताबादचे एक निवृत्त भूगोल शिक्षक, ज्यांना गाव आणि यापुढे प्रस्तुत लेखही गुरुजी म्हणतो. त्यांच्या सौभाग्यवती, ज्या सर्वांच्या काकू आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास स्थायिक झालेला मुलगा. तिकिटापासून सामानापर्यंत सर्व तांत्रिक बाबी पाहणारा पुतण्या. आणि जेथे निर्णय होतो तेथे हजर राहून शंका काढणारे काकूंचे धाकटे बंधू, म्हणजे मामा, एवढी माणसे या अभ्यासाला पुरेशी आहेत. अशी कुटुंबे मराठी मुलखात आता नवलाची राहिलेली नाहीत. २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन सॅन होजेला भरले तेव्हा तेथे जमलेल्यांपैकी अनेकांचे आईवडील याच गणितातून तावूनसुलाखून गेलेले असणार.

गुरुजींनी या विषयात मांडलेला आणि घरात कोणी न स्वीकारलेला पहिला सिद्धान्त असा की खुलताबादहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शेजारच्या कन्नड गावावरून जातो. सिद्धान्त ढोबळमानाने बरोबर आहे. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात आणि गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट त्या ठिकाणांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्तावरच असते, हे शाळेच्या पुस्तकात असले तरी त्याचा परिणाम कन्नडपर्यंत पोचतो याची जाणीव पुस्तके करून देत नाहीत. गुरुजींनी शाळेतून निवृत्तीच्या वेळी मिळालेला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला, त्यावरील धूळ पुसली, खुलताबादच्या जागी, म्हणजे अंदाजे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७५ अंश पूर्व रेखांशावर, दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ओढून ताणले आणि सर्वांना जवळ बोलावले. दोरा पश्चिमेला मुळीच गेला नाही. तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून, कन्नडच्या अंगाने वर चढला आणि राजस्थान, चीन, रशिया असे करीत आर्क्टिक महासागरावरून अलास्का आणि कॅनडात उतरून कॅलिफोर्नियाला पोचला. अंतर भरले सुमारे १३,३५० किलोमीटर.

मामांनी दोरा दोनदा बोटाने चाचपून पाहिला.

"दाजी, अमेरिका पश्चिमेला ना?"

"पश्चिमेलाच."

"मग हा वर कुठं चाललाय?"

"तोच सरळ रस्ता आहे."

"आणि औट्रम घाटात जाम लागला तर?"

या प्रश्नाला बृहद्‌वृत्ताच्या भूमितीत उत्तर नाही. कन्नड आणि चाळीसगाव यांच्यामधल्या त्या घाटात ज्याने एखादी रात्र मालमोटारीच्या मागच्या दिव्यांकडे पाहत काढली आहे, त्याला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेवर पडतो हे कळल्यावर चिंता वाटणे स्वाभाविक आहे. मामांचा खरा आक्षेप मात्र नकाशावर आधारलेला होता, आणि तो एकट्या त्यांचा नाही. भिंतीवरच्या जगाच्या नकाशांवर ज्या पद्धतीचा पगडा आजवर राहिला ती गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी काढली. तिच्यात दिशा खऱ्या राहतात, पण ध्रुवांकडे जावे तसतसा प्रदेश फुगत जातो, इतका की प्रत्यक्षात आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे ग्रीनलंड नकाशात आफ्रिकेशी बरोबरी करते. ज्याच्या मनात हा सपाट नकाशा ठसलेला आहे त्याला विमानाची वाकडी वाट पाहून वैमानिकाबद्दल तोच संशय येतो जो रेल्वे स्टेशनवरून उगाच लांबून नेणाऱ्या रिक्षावाल्याबद्दल येतो. गुरुजींनी पुरावा म्हणून २०२१ चे उदाहरण दिले: त्या वर्षी ९ जानेवारीला कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून थेट उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणले आणि सुमारे १४,००० किलोमीटरचे ते अंतर साधारण सतरा तासांत कापले. मामांनी बायकांच्या कर्तृत्वाला मान दिला, भूमितीला दिला नाही.

याच बैठकीत गुरुजींनी दुसरा, अधिक दिलासादायक सिद्धान्त मांडला. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणतेही ठिकाण दुसऱ्यापासून २०,००० किलोमीटरहून दूर असू शकत नाही. म्हणजे मुलगा कितीही लांब गेला, सून कितीही लांबची केली, तरी नात्यातील अंतराला निसर्गानेच कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. खुलताबादच्या बरोबर पायाखालचे, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून आरपार गेल्यास लागणारे ठिकाण दक्षिण प्रशांत महासागराच्या पाण्यात आहे आणि त्याच्या जवळची म्हणावी अशी प्रसिद्ध जमीन म्हणजे नऊशे-साडेनऊशे किलोमीटरवरचे ईस्टर बेट. तेथे मातावेरी नावाचा विमानतळ आहे. जगातील अत्यंत एकाकी विमानतळांत त्याची गणना होते आणि तो चिलीच्या सान्तियागोपासूनही ३,७०० किलोमीटरहून दूर पडतो. चिकलठाणा, म्हणजे जिल्ह्याच्या शहराचा विमानतळ, ते मातावेरी हे अंतर सुमारे १९,००० किलोमीटर भरते, सबब चिकलठाण्याहून खऱ्या अर्थाने दूर म्हणावा असा विमानतळ तोच. त्या मानाने सॅन फ्रान्सिस्को शेजारच्या आळीत आहे, असे गुरुजी म्हणाले. काकूंनी त्यांना माळ्यावरून कुरडयांचा डबा काढायला सांगितले.

तिकिटाच्या शोधाने या विषयाला नवे वळण मिळाले. प्रत्येक विमानतळाला तीन रोमन अक्षरांची एक सांकेतिक खूण असते. प्रवाशांच्या सामानावर चिकटवायच्या पट्टीवर तीच छापतात आणि बॅग कोणत्या खंडात जाणार हे तिच्यावरच ठरते. खूण ठरली तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद असल्याने त्याची पहिली तीन अक्षरे चिकलठाण्याला मिळावीत ही अपेक्षा वाजवी होती, परंतु ती तीन अक्षरे फ्रान्समधील ओरियाक नावाच्या गावाकडे आहेत आणि चिकलठाण्याच्या वाट्याला आयएक्सयू ही, कोणत्याही जुन्या-नव्या नावाशी संबंध न सांगणारी खूण आली. परिणामी २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही खुणेत काही बदलावे लागले नाही, कारण ती आधीही जुळत नव्हती. पुतण्याने घाईघाईत पहिली तीन अक्षरे टाकली तेव्हा संगणकाने ओरियाक ते सॅन फ्रान्सिस्को असा प्रवास अदबीने पुढे केला. मामांनी दर ऐकला आणि विचारले, "हे गाव कन्नडच्या अलीकडं का पलीकडं?"

यथाकाल योग्य तिकीट निघाले. त्यात दिसून आले की कन्नडमार्गे सरळ जाण्यासाठी खुलताबादकराला प्रथम कन्नडकडे पाठ करावी लागते: आग्नेयेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर चिकलठाणा, तेथून पश्चिमेला सुमारे २८० किलोमीटरवर मुंबई, आणि मग तेथून पुन्हा उत्तरेला वळून सुमारे १३,५०० किलोमीटर. एअर इंडियाने मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा २०२२ च्या डिसेंबरात सुरू केली, आणि थेट म्हणजे मध्ये कोठेही न उतरणारी हे कळल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी तोच आक्षेप घेतला जो त्यांनी शिवनेरी बसबद्दलही घेतला होता: "मध्ये चहाला सुदिक थांबत नाही?"

येथे वेळेच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. विमान आकाशात ताशी आठशे ते नऊशे किलोमीटरने जाते, त्या हिशोबाने चिकलठाणा ते मुंबई हे अंतर वीस-बावीस मिनिटांचे. परंतु वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास लिहिलेले असते. याचे कारण ब्लॉक टाइम ही संकल्पना होय. उभ्या विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात; ते निघाल्यापासून मुक्कामी पुन्हा लावले जाईपर्यंतचा काळ म्हणजे ब्लॉक टाइम, आणि त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, रांगेत उभे राहणे, चढणे, उतरणे आणि उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात लांबट घिरट्या घालणे हे सर्व येते. मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच कामास येते; तेथील आकाशात वसई ते पनवेलचे विहंगम दर्शन विनाशुल्क घडते ते याच कारणाने. विमान कंपन्या या घिरट्यांचा अंदाज बांधून वेळापत्रकात आधीच थोडी भर घालून ठेवतात, म्हणजे नेहमीसारखा उशीर झाला तरी विमान वेळेवर ठरते आणि उशीर झालाच नाही तर वेळेआधी पोचल्याची घोषणा करता येते. स्वतःच नेमलेल्या मुदतीच्या आधी काम पुरे केल्याबद्दल स्वतःचेच अभिनंदन करण्याची ही पद्धत सरकारी कामांतही शिरावी, असे कोणत्याही रखडलेल्या रस्त्याकडे पाहून वाटते.

ब्लॉक टाइममध्ये न मोडणारा काळ मात्र कोणत्याही वेळापत्रकात नसतो. देशांतर्गत उड्डाणाआधी दोन तास, परदेशी उड्डाणाआधी तीन तास, या नियमांत खुलताबादकर स्वतःच्या भीतीचे दोन तास मिळवतो. वंदे भारत गाडीने संभाजीनगरहून मुंबईला सुमारे सहा तास लागतात, आणि समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत खुला झाल्यापासून मोटारीनेही तेवढ्याच्या आत-बाहेर काम होते. विमानाचा सव्वा तास हा दारापासून दारापर्यंत मोजला तर यांच्या जवळ येऊन बसतो. तरीही विमानाने मुंबईला गेलेला माणूस परत आल्यावर "सव्वा तासात पोचलो" असेच सांगतो आणि उरलेले पाच तास कोणाच्या खात्यावर टाकले हे सांगत नाही.

वास्तविक अंतर आणि वेळ यांचा घोळ या परिसराला नवा नाही. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथून हाकेच्या अंतरावर दौलताबादला आणली, तेव्हा या दोन ठिकाणांमधला प्रवास चाळीस दिवसांचा असल्याची नोंद इब्न बतूता या प्रवाशाने केलेली आहे. दिल्ली ते चिकलठाणा हे हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे, म्हणजे सरळ रेषेत धरल्यास रोजची मजल साडेचोवीस किलोमीटरची, आणि खुलताबाद ते संभाजीनगर हे अंतरही जवळपास तेवढेच. आज तेच दिल्लीचे अंतर विमान दोन तासांत कापते, परंतु खुलताबादहून शहरात जाताना दौलताबादच्या तटबंदीतील दिल्ली दरवाजाच्या कमानीत एका बाजूने पर्यटकांची बस आणि दुसऱ्या बाजूने उसाचा ट्रॅक्टर शिरला की तुघलकाच्या काळातील वेग पाहता पाहता प्रत्ययास येतो. सुलतानाने पुढे राजधानी परत दिल्लीला नेली. परतीचे भाडे कोणी भरले, ही चौकशी मामांनी केली.

नमुना कुटुंबाचे प्रयाण श्रावणातील शनिवारी पहाटे ठरले होते, आणि या तपशिलात पुढील सर्व अनर्थाचे मूळ आहे. खुलताबादचे ग्रामदैवत भद्रा मारुती. उड्डाणविद्येचा हा अधिष्ठाता, ज्याने शंभर योजनांचा समुद्र थेट सेवेने पार केला, तो येथे निद्रिस्त, पूर्ण आडव्या अवस्थेत आहे. विमानातील स्वस्त वर्गात गुडघे हनुवटीला लावून सोळा तास काढलेला प्रवासी या मूर्तीपुढे अधिक मनोभावे हात जोडतो, कारण पूर्ण आडवे होणारे आसन कोणाला मिळते हे त्याला ठाऊक झालेले असते. श्रावणातील शुक्रवारी रात्री संभाजीनगर आणि आसपासच्या गावांतून भाविक पायी निघतात आणि दौलताबादचा घाट चढून पहाटेपर्यंत दर्शनाला पोचतात. त्या रात्री तो रस्ता माणसांचा असतो.

रात्री दोन वाजता गाडी दारात लागली. दोन प्रवासी, चार बॅगा आणि सोडायला येणारी सात माणसे, असा एकूण भार होता. प्रत्येक बॅगेला २३ किलोची मर्यादा असल्यामुळे धान्याच्या दुकानातून आणलेल्या काट्यावर त्या आदल्या दिवशीच तोलून झाल्या होत्या. येसर, शेंगदाण्याची चटणी, खारोड्या आणि भाजणी यांच्यापुढे गुरुजींचे स्वेटर हरले होते. ड्रायव्हरने एकवार आकाशाकडे आणि एकवार घाटाकडे पाहिले.

"गुरुजी, घाटातून न्यायची नाही. समोरून सगळी पायी माणसं. फुलंब्रीवरून नेतो."

"अरे, ते जवळजवळ दुप्पट पडेल!"

"लांब पडंल, पण लवकर पोचंल."

या एका वाक्यात त्याने विमानमार्ग नियोजनाचे सार सांगितले होते. पृथ्वीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमान त्यात अनुकूल दिशेने शिरले तर ताशी शंभर-दीडशे किलोमीटरची भर फुकट मिळते, उलट शिरले तर तेवढीच वजाबाकी होते. या प्रवाहांचा शोध वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून लावला आणि साऱ्या जगाला तो वाचता यावा या उदात्त हेतूने अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम विश्वभाषेत छापला, त्यामुळे जगात तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना समोरच्या वाऱ्यात विमान जागीच उभे असल्याचा भास झाला तेव्हा त्यांना ही माहिती स्वखर्चाने मिळवावी लागली. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकवरून नेण्याऐवजी उलट बाजूने, प्रशांत महासागरावरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीशी वारा असल्यामुळे साडेचौदा तासांत काम झाले आणि जवळजवळ दोन तास वाचले. या निर्णयाची जगभर वाखाणणी झाली. फुलंब्रीवरून गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरला मात्र "पेट्रोलचे पैसे आधी ठरल्याप्रमाणेच" एवढेच ऐकून घ्यावे लागले.

गाडी वेळेत पोचली. चिकलठाण्याच्या दारात बंदुकधारी जवानाने तिकीटवाल्या दोघांना आत घेतले आणि सातांना बाहेर ठेवले, ज्यातील मामांनी "मी फक्त बॅग धरायला" असे सांगून पाहिले. येथून पुढे या प्रवासाचे दोन भाग पडतात: एक गुरुजी आणि काकूंनी प्रत्यक्ष केलेला, दुसरा घरच्या ओसरीवर पुतण्याच्या मोबाईलवर पाहिला गेलेला. उडत्या विमानाची जागा दर क्षणी नकाशावर दाखविणारी जी सोय आता सर्वांच्या हाती आली आहे, तिने नातलगांच्या काळजीला अचूकता आणली, कमी केली नाही. दुपारी दोनला मुंबईहून निघालेले विमान सपाट नकाशावर कमान टाकीत वर सरकू लागले तसा मामांचा जुना संशय पुन्हा डोके वर काढू लागला. "कझाकस्तान," पुतण्या म्हणाला. "तिथं कशाला?" मामा म्हणाले. रात्री अकराच्या पुढे विमान ग्रीनलंडकडे गेले तेव्हा ओसरीवर असे ठरले की वाट चुकल्याचे वैमानिकाच्या आता लक्षात आले असावे, कारण तो खाली वळू लागला होता.

विमानात प्रश्न वेगळाच उद्भवला. काकूंचा शनिवार असतो. दिवसभर निरंकार राहून दिवेलागणीनंतर उपवास सोडायचा हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम, आणि खुलताबादेत दिवेलागण रोज न चुकता होते. उन्हाळ्यात उत्तरेकडून अमेरिकेला जाणाऱ्या विमानाची गोष्ट निराळी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विमान तिच्या डोक्यावरून पलीकडे उतरते आणि त्या काळात ध्रुवप्रदेशात सूर्य क्षितिजाला टेकला तरी धड मावळत नाही. परिणामी मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान साडेसोळा तास उडून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी सहाला उतरते आणि एवढ्या अवधीत अंधार होतच नाही. खुलताबादच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजले, अकरा वाजले. खिडकीची झडप उघडली की ऊन.

"अहो, तिन्हीसांज कधी व्हायची?"

"आठनंतर."

"आठ तर कधीच वाजून गेले."

"ते आपले. मी तिकडचे सांगतोय."

हवाईसेविकेने तीनदा जेवण विचारले. पहिल्यांदा काकूंनी नुसती मान हलवली, दुसऱ्यांदा उपवास असल्याचे मराठीत समजावले, आणि तिसऱ्यांदा त्या बिचारीने प्रकृती बरी नाही असे समजून डॉक्टर आहे का याची चौकशी सुरू केली, ती गुरुजींनी मोठ्या कष्टाने थांबवली. मुलाच्या घरी पोचून, देवापुढे दिवा लावून, राजगिऱ्याच्या लाडवाने उपवास सुटला तेव्हा खुलताबादेत रविवारची सकाळ होऊन मारुतीच्या देवळात दुसऱ्या दिवशीची पूजाही आटोपली होती.

गुरुजींनी या घटनेकडे भूगोलाच्या नजरेने पाहिले. भारताची प्रमाणवेळ उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेबारा तास पुढे असते, त्यामुळे खुलताबादच्या मध्यरात्री सुरू झालेला शनिवार तेथील मध्यरात्री संपला तो एकूण साडेछत्तीस तासांचा ठरला. काकूंचा चेहरा पाहून त्यांनी लगेच खुलासा केला की यात मारुतीकडे काही जादा गेलेले नाही. परतीच्या प्रवासात शनिवार तेवढाच आखूड होईल आणि दोन शनिवार मिळून बरोबर अठ्ठेचाळीस तास भरतील. निसर्ग कोणाचे बुडवीत नाही, असेही ते म्हणाले. काकूंनी ते लक्षात ठेवले.

परतीचे तिकीट जानेवारीअखेरचे होते. शुक्रवारी रात्री नऊला निघालेले विमान सोळा तासांनी मुंबईला उतरले तेव्हा येथे रविवारच्या पहाटेचे अडीच वाजले होते आणि शनिवार आकाशातच येऊन गेला होता. खुलताबादला पोचल्यावर, बॅगा उघडण्याआधी, "किती तास लागले?" या प्रश्नाला गुरुजींनी "सोळा", पुतण्याने "सव्वीस" आणि काकूंनी "सहा महिने" असे उत्तर दिले. मग काकूंनी कागद-पेन्सिल मागितली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यरात्रीपासून भारताच्या मध्यरात्रीपर्यंत परतीचा शनिवार गुरुजींकडूनच मोजून घेण्यात आला, आणि तो साडेदहा तासांचा निघाला. साडेछत्तीस आणि साडेदहा मिळून सत्तेचाळीस होतात.

"एक तास कुठं गेला?"

गुरुजींनी चष्मा पुसला. अमेरिकेत हिवाळा आला की घड्याळे एक तास मागे घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती मागे घेतली गेली होती, दोन ठिकाणांतील फरक साडेबारावरून साडेतेरावर गेला होता आणि तो रविवार पंचवीस तासांचा झाला होता. म्हणजे राहिलेला तास बुडालेला नाही, तो आपल्याला मिळालेलाच आहे, फक्त वेगळ्या दिवशी, असे त्यांनी समजावून सांगितले.

"रविवारी?"

"रविवारी."

"त्या दिवशी आपण मॉलमध्ये पिझ्झा खाल्ला होता."

पुढच्या शनिवारी खुलताबादेत नेहमीप्रमाणे दिवेलागण झाली, पाने वाढली गेली, गुरुजी आणि मामा पाटावर बसले. काकू भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांना आग्रह करण्याची सोय नव्हती, कारण हिशोब गुरुजींच्याच अक्षरात होता. पाऊण तास लोटल्यावर पुतण्याला काकूंची दया आली आणि त्याने मोबाईल पाहून सांगितले की आपले भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे, सबब वेळ जवळजवळ भरत आली. काकूंनी क्षणभर विचार केला आणि दिवा लावला तेव्हा कोणते घड्याळ पाहिले होते ते आता आठवत नसल्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.